आधीच्या भाडेकरूंच्या नावानं येणारं टपाल: काय करायचं, कुठे कळवायचं

नव्या घरात सामान लागतं, गॅस सुरू होतो, दारावर आपल्या नावाची पाटी लागते, पण टपालपेटीत आधीच्या माणसांचीच नावं येत राहतात. बँकेची पाकिटं, विम्याच्या हप्त्याची आठवण, कंपनीच्या लाभांशाचं पत्र, कधी वकिलाची नोटीस. बहुतेक घरांत या पाकिटांचा गठ्ठा चपलांच्या कपाटावर साठतो आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. कुणी उत्सुकतेनं एखादं फोडून बघतं. कुणी वैतागून पोस्टमनला म्हणतं, "आम्ही घेत नाही, घेऊन जा."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं, पण कधी कधी तेच सगळ्यांत जास्त नुकसान करतं. कसं, ते पुढे सविस्तर सांगितलंय. या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी पुरे: तुमच्या हातातल्या पाकिटावर जो शेरा पडतो, त्यावर दुसऱ्या एखाद्या माणसाची मुदत, पैसा किंवा खटला अवलंबून असू शकतो. म्हणून तो शेरा खरा आणि नेमका पडेल याची काळजी घ्यायची.

राहायला आल्या आल्या

आधी कोण राहत होतं, हे घरमालकाला विचारून घ्या. घर विकत घेतलं असेल तर विकणाऱ्याला विचारा. आधीच्या दोन-तीन भाडेकरूंची पूर्ण नावं, आडनावासकट, कागदावर लिहून ठेवा. बँकेच्या पाकिटावर नाव कधी आद्याक्षरांत असतं, कधी नुसतं आडनाव असतं. यादी हाताशी असली की कुठलं टपाल ओळखीच्या माणसाचं आणि कुठलं अगदीच अनोळखी, हे लगेच कळतं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आधीच्या भाडेकरूचा फोन नंबर मालकाकडे किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बहुतेक वेळा असतो. तो थेट मागण्याऐवजी "त्यांना माझा नंबर द्या, त्यांचं टपाल येतंय" असा निरोप पाठवणं जास्त सभ्य. त्यांचा फोन आला की तीन गोष्टी विचारा: नवा पत्ता काय, कुठल्या पत्रांची वाट बघताय, आणि बाकीचं परत पाठवलं तर चालेल का. हे बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी ठेवा. तुम्ही कळवलं होतं, याची नोंद राहते.

दुसरं काम सोसायटीच्या फाटकावरचं. मोठ्या संकुलांत रखवालदार किंवा ऑफिसातला मुलगा सगळ्यांचं टपाल सही करून घेतो आणि फ्लॅट नंबरप्रमाणे वाटतो. नावाकडे त्याचं लक्ष नसतं, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. तुमच्या घरातल्या माणसांची नावं त्याला लिहून द्या आणि सांगा: "ही नावं सोडून दुसऱ्या कुणाचं, सही लागणारं काही आलं तर घेऊ नका. ते इथे राहत नाहीत, असं सांगा." सेक्रेटरीलाही हेच दोन ओळींत ईमेल करा. तळमजल्यावरच्या टपालपेटीवर आडनाव ठळक लिहा. पेटीवर जुनंच नाव असेल तर पोस्टमनला माणूस बदलल्याचं कळायला मार्ग नाही.

साधं पाकीट पेटीत पडलं तर

पहिला नियम: उघडायचं नाही. 1898 च्या जुन्या पोस्ट ऑफिस कायद्यात दुसऱ्याचं टपाल दडवून ठेवणं किंवा त्याचा बटवडा अडवणं यासाठी शिक्षेची कलमं होती. 18 जून 2024 पासून त्याच्या जागी पोस्ट ऑफिस कायदा 2023 आला आणि त्यात तशी गुन्ह्यांची यादी उरलेली नाही. पण म्हणून दुसऱ्याचं पाकीट आपलं होत नाही. आतलं कार्ड, चेक किंवा वस्तू अप्रामाणिकपणे वापरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 लागू शकतं. त्यात सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या पगाराचा, आजाराचा किंवा कर्जाचा कागद आपण वाचू नये, हे आपल्याला कुणी सांगावं लागू नये. पाकीट आपलंच समजून चुकून फोडलं गेलं, तर आतला कागद न वाचता पुन्हा घालून चिकटवा आणि वर "चुकून उघडलं" असं लिहून सही करा.

मग पाकीट उलटं करून मागची बाजू बघा. बँका, विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंड तिथे बारीक अक्षरांत "न पोचल्यास या पत्त्यावर परत पाठवा" असा पत्ता छापतात. तो असला तर काम सोपं. पुढच्या बाजूला तुमच्या पत्त्यावर एक तिरकी रेघ मारा. पत्ता आणि बारकोड वाचता आला पाहिजे, म्हणून खाडाखोड नको. शेजारी मोकळ्या जागेत लिहा:

"सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. घर सोडून गेली आहे. नवा पत्ता माहीत नाही. पाठवणाऱ्यास परत."

मुंबई-पुण्यात हेच इंग्रजीतही लिहावं, कारण पाकीट चेन्नई किंवा गुरगावच्या छपाई केंद्रात परत जायचं असतं. खाली तारीख टाका. आपलं नाव आणि फोन लिहायची गरज नाही. हे पाकीट पोस्टमनच्या हातात द्या किंवा पोस्टात नेऊन द्या.

इथे एक चूक सर्रास होते. कुरिअरनं आलेलं पाकीट लोक लाल पेटीत टाकतात. कुरिअर कंपनी आणि टपाल खातं यांचा एकमेकांशी संबंध नाही. कुरिअरचं पाकीट त्या कंपनीच्या माणसालाच परत द्यायचं. तो येत नसेल तर पाकिटावरचा ट्रॅकिंग नंबर सांगून कंपनीला परत न्यायला सांगायचं.

नवा पत्ता माहीत असेल आणि समोरच्याचा होकार असेल, तर न उघडलेल्या पाकिटावर जुना पत्ता खोडून नवा लिहून पोस्टमनकडे देता येतं. पण महत्त्वाचं काही वाटलं तर मला दुसरा मार्ग पटतो: ते पाकीट न उघडता मोठ्या पाकिटात घालून स्पीड पोस्टानं पाठवा आणि ट्रॅकिंग नंबर कळवा. थोडे पैसे जातात, पण मधल्या हवाली-हवालीत ते हरवत नाही. खर्च समोरचा माणूस आनंदानं देतो.

जाहिरातींची पत्रकं, दुकानांचे कॅटलॉग, "प्रिय रहिवासी" असं छापलेली पाकिटं यांत डोकं घालू नका. ती रद्दीत गेली तरी कुणाचं काही बिघडत नाही. मात्र हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट कधीच टाकू नका. रक्षाबंधनाच्या आठवड्यात येणारं जाडसर पाकीट, गावाकडून आलेली लग्नपत्रिका, आडगावच्या आत्याचं पत्र: या माणसांकडे नवा पत्ता नसतो, म्हणूनच ती जुन्यावर लिहितात. अशा पाकिटावर मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच असं नाही. दोन्ही पत्ते सापडले नाहीत तर टपाल खातं ते रिटर्न्ड लेटर ऑफिसकडे पाठवतं, आणि तिथून ते परत मिळण्याची शक्यता फारशी नसते. अशा एका पाकिटासाठी मालकाला फोन करण्याचे कष्ट घ्यावेत.

सही मागणारं टपाल

रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. पण लोकांच्या तोंडी अजून "रजिस्टर आलंय" हेच आहे. नाव काहीही असो, पोस्टमन सही मागतो किंवा ओटीपी विचारतो तेव्हा ते टपाल साधं नसतं. त्यात बहुधा नोटीस, समन्स, कार्ड, चेकबुक किंवा सरकारी दाखला असतो.

इथे दोन गोष्टी करायच्या नाहीत.

एक, सही करायची नाही. तुम्ही सही केलीत की ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसतं आणि पाठवणाऱ्याच्या दृष्टीनं नोटीस पोचली. धनादेश न वटल्याचं प्रकरण घ्या. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 प्रमाणे चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरायची संधी असते. तुम्ही शेजारधर्म म्हणून सही केलेली नोटीस कपाटावर पडून राहते, त्या माणसाला त्याची खबरही नसते, आणि हे 15 दिवस निघून जातात. पुढे तो न्यायालयात "मला मिळालीच नाही" म्हणू शकतो, पण ते सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं. घरातल्या मुलांना, आजी-आजोबांना आणि कामाच्या मावशींनाही हे सांगून ठेवा. दुपारी दार तेच उघडतात.

दोन, "घेत नाही", "नको", "परत न्या" असं म्हणायचं नाही. पोस्टमनला पाकिटावर कारण लिहावं लागतं, आणि "घेत नाही" ऐकलं की तो "रिफ्यूज्ड" लिहितो, म्हणजे घेण्यास नकार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 9 मध्ये स्पष्ट आहे की प्रतिवादीनं टपाल घ्यायला नकार दिला असा टपाल कर्मचाऱ्याचा शेरा आला, तर न्यायालय समन्स रीतसर बजावलं गेल्याचं जाहीर करतं. नोटिशींच्या बाबतीतही न्यायालयं नकाराला नोटीस मिळाल्यासारखंच धरत आली आहेत. म्हणजे तुम्ही वैतागून उच्चारलेल्या दोन शब्दांमुळे सोलापूरला किंवा दुबईला गेलेल्या एका माणसाविरुद्ध दावा एकतर्फी चालू शकतो.

बोलायचं ते असं: "दादा, हे इथे राहत नाहीत. घर सोडून गेलेत. आम्ही नवे भाडेकरू आहोत. 'लेफ्ट' असा शेरा मारा." हा शेरा पडला की पाठवणाऱ्याला कळतं की पत्ता जुना आहे, आणि त्याला खरा पत्ता शोधावा लागतो. तो शोधणं त्याचं काम आहे, तुमचं नाही. पोस्टमन घाईत असतो, म्हणून तो काय लिहितोय ते बघा आणि जमलं तर पाकिटाचा फोटो घ्या. पुढे कधी विचारणा झाली तर तारखेसकट पुरावा राहतो.

तुम्ही घरी नसताना पोस्टमन चिठ्ठी टाकून गेला असेल आणि त्यावर जुनं नाव असेल, तर ती चिठ्ठी घेऊन पोस्टात जा आणि हेच सांगा. दुर्लक्ष केलंत तर टपाल काही दिवस थांबून "अनक्लेम्ड" शेऱ्यानं परत जातं. त्यातून पाठवणाऱ्याचा समज असा होतो की माणूस तिथेच आहे, फक्त टाळतोय.

पासपोर्ट, आधारचं पीव्हीसी (प्लास्टिक) कार्ड, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र हे सगळं स्पीड पोस्टानं येतं. पासपोर्ट तर फक्त ज्याचा त्यालाच देतात. ही कागदपत्रं न घेता "राहत नाही" या शेऱ्यानं जाऊ दिली तर ती ज्या कार्यालयानं काढली तिथे परत जातात आणि ज्याची त्याला तिथून मिळवता येतात. त्याचा नंबर असेल तर त्याच दिवशी मेसेज करा. एखाद्याचं परदेशी जाणं त्या पाकिटावर अडलेलं असू शकतं.

पोस्टात एक अर्ज

चार-सहा आठवडे पाकिटं परत करूनही ओघ थांबत नसेल तर पोस्टमास्तरांना लेखी द्या. अर्ज कुठल्याही पोस्टात चालत नाही. तुमच्या भागाचा बटवडा ज्या पोस्टातून होतो तिथेच द्यावा लागतो, आणि जवळचं पोस्ट तेच असेल असं नाही. पिनकोडच्या शेवटच्या तीन अंकांवरून ते ठरतं. ही सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते, शिवाय संस्कृतचे कवी. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की बटवड्याचं पोस्ट सापडतं.

अर्जाचा मजकूर एवढा पुरतो:

"मा. पोस्टमास्तर, (पोस्टाचं नाव) यांस. मी (तारीख) पासून (पूर्ण पत्ता) येथे राहत आहे. या पत्त्यावर (नावं) या पूर्वीच्या रहिवाशांच्या नावे टपाल येते. ते आता येथे राहत नाहीत व माझा त्यांच्याशी नातेसंबंध नाही. त्यांचे टपाल 'घर सोडून गेले' या शेऱ्याने पाठवणाऱ्यास परत करावे. आमच्या कुटुंबातील व्यक्तींची नावे पुढीलप्रमाणे."

सोबत नोंदणीकृत भाडेकराराची किंवा खरेदीखताच्या इंडेक्स टूची (नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, त्यामुळे ही प्रत तुमच्याकडे असायला हवी. दुसऱ्याच्या नावचं टपाल नव्या पत्त्यावर वळवायचा अर्ज मात्र तुम्हाला करता येत नाही, तो त्याचा त्यानंच करायचा असतो. पोस्टात दाद लागली नाही तर टपाल खात्याच्या 1800 266 6868 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आणि बीटवरच्या पोस्टमनशी ओळख करून घ्या. अर्ज फाइलमध्ये राहतो, पण आमच्याकडचे पोस्टमन काका नावं बघून खालूनच पाकीट परत नेतात. नवा पोस्टमन आला की पुन्हा सांगायचं.

पाठवणाऱ्याला कळवलं तरच ओघ आटतो

पोस्टमन पाकिटावर जे लिहिलंय तेच वाहून आणतो. पत्ता बँकेच्या संगणकात जुना असेपर्यंत दर तिमाहीला पाकीट येणारच. म्हणून वारंवार येणाऱ्या दोन-तीन संस्थांना ईमेल करा. कुठून येतं ते पाकिटावर बाहेरूनच दिसतं. ईमेलचा पत्ता आणि फोन नंबर संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, कारण पाकिटावरचा नंबर खरा असेलच असं नाही. लिहायचं थोडक्यात: "आपल्याकडून (नाव) यांच्या नावे या पत्त्यावर पत्रं येतात. ही व्यक्ती (महिना, वर्ष) पासून येथे राहत नाही. कृपया आपल्या नोंदीतून हा पत्ता काढावा." पाकिटाच्या फक्त बाहेरच्या बाजूचा फोटो जोडा. बँक तुम्हाला ग्राहकाची माहिती देणार नाही, आणि देऊही नये. तुम्हाला फक्त तक्रार क्रमांक हवा असतो.

पाकीट चाचपून आत कार्ड असल्याचं कळलं, तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि पाकीट परत करा. कापून टाकू नका आणि जपूनही ठेवू नका. पुढे त्या खात्यात काही गडबड झाली तर कार्ड तुमच्या घरात होतं, हा प्रश्न तुमच्याकडे येऊ शकतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाकिटाचा फोटो टाकून "हे कुणाचं?" विचारायची सवय वाईट. खिडकीच्या पाकिटांतून नाव, ग्राहक क्रमांक, कधी कर्जाचा प्रकारही दिसतो. "दोनशे तीनमधल्यांवर वसुली आहे" ही बातमी तुमच्यामुळे पसरू नये.

दारात माणूस आला तर

टपालामागून कधी माणसं येतात. वसुली एजंट आला तर दारातच बोला, ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, आणि करारपत्राचं पहिलं पान दाखवा. आधार-पॅन दाखवायची गरज नाही आणि त्याच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2022 मध्ये बजावलं आहे की वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धाकदपटशा करायचा नाही. जो कर्जदारच नाही त्याला तर मुळीच नाही. पुन्हा पुन्हा येत असेल तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि दमदाटी झाली तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आधीच्या भाडेकरूचा फोन नंबर एजंटला द्यायला तुम्ही बांधील नाही. मी तो देत नाही. त्यालाच फोन करून सांगतो की असं असं कुणी आलं होतं.

न्यायालयाचा बेलिफ किंवा समन्स घेऊन आलेला पोलीस, ही गोष्ट वेगळी. त्यांना सहकार्य करा. समन्स घरातल्या प्रौढ सदस्याकडे देता येतं, पण ते ज्याच्या नावाचं आहे त्याच्या कुटुंबातल्या सदस्याकडे, त्याच घरात नंतर राहायला आलेल्या परक्याकडे नव्हे. म्हणून "आम्ही त्यांचे कुटुंबीय नाही, नवे भाडेकरू आहोत, ते अमुक महिन्यात गेले" हे त्यांच्या अहवालात लिहून घ्यायला सांगा आणि कराराची प्रत दाखवा. नवा पत्ता माहीत असेल तर इथे खरं सांगावं. नोटीस दाराला चिकटवून गेले तर ती फाडू नका. फोटो घ्या, आणि त्यावरचा दावा क्रमांक लिहून ती व्यक्ती इथे राहत नसल्याचं त्या न्यायालयाला पत्रानं कळवा.

दुसऱ्याच्या कर्जापायी आपला फ्रिज नेतील, ही भीती अनेकांना वाटते. कर्ज माणसाच्या नावावर असतं. तुमचा क्रेडिट स्कोअरही तुमच्या पॅनशी आणि तुमच्या खात्यांशी जोडलेला आहे, घराच्या पत्त्याशी नाही. न्यायालयाच्या हुकमानं जप्ती करायला कुणी आलंच, तर ही वस्तू माझी आहे असा आक्षेप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 58 खाली घेता येतो. त्यासाठी मोठ्या वस्तूंची बिलं जपून ठेवा.

हे टपाल परत पाठवायचं नाही

वरचं सगळं माणसाच्या नावच्या टपालाबद्दल झालं. काही टपालावर नाव जुन्या माणसाचं असतं, पण विषय तुमच्या घराचा असतो. घर विकत घेतलेल्यांनी हे नीट वाचावं.

मालमत्ता कराचं बिल आधीच्या मालकाच्या नावानं आलं म्हणून परत केलंत, तर थकबाकी आणि दंड त्याच घरावर चढतो. कराचा बोजा मालमत्तेवर असतो. ते बिल उघडा, भरा, आणि इंडेक्स टू घेऊन महापालिकेत नाव हस्तांतरणाचा अर्ज करा. विजेचंही तसंच. आधीच्या मालकाची वीजथकबाकी वीज नियमांप्रमाणे नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये के. सी. निनन प्रकरणात सांगितलं आहे. महावितरणकडे, किंवा मुंबईत तुमची जी वीज कंपनी असेल तिच्याकडे, नावात बदलाचा अर्ज ताबा मिळताच करा. पाणीपट्टी आणि सोसायटीची पत्रं याच गटातली.

भाडेकरूंसाठी एक टपाल फार महत्त्वाचं आहे: घरमालकाच्या नावानं बँकेची सरफेसी कायद्याखालची नोटीस. थकलेल्या कर्जापायी तारण ठेवलेलं घर बँकेला ताब्यात घेता येतं, ते याच कायद्यानं. कलम 13(2) च्या नोटिशीत कर्ज फेडायला 60 दिवस दिलेले असतात. त्यानंतर बँक ताब्याकडे वळते, दाराला नोटीस लागते आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते. तशी नोटीस दारावर दिसली तर मालकाचं म्हणणं ऐका, पण त्यावर विसंबू नका. करार, भाडं भरल्याचे पुरावे आणि अनामतीची पावती घेऊन वकिलाकडे जा. कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायची मुदत 45 दिवसांची आहे.

वारलेल्या माणसाच्या नावाचं टपाल

आधी इथे राहणारे आजोबा वारले आणि मुलांनी घर विकलं किंवा भाड्यानं दिलं, हे आपल्याकडे नेहमीचंच. अशा घरात वर्षानुवर्षं पत्रं येतात, आणि त्यांतली काही वारसांसाठी पैशाचा एकमेव धागा असतात. जुन्या माणसांनी सहकारी बँकेत ठेव ठेवलेली असते, चार कंपन्यांचे शेअर घेतलेले असतात, आणि घरात कुणाला सांगितलेलं नसतं. मागणी न झालेली ठेव 10 वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. लाभांश सलग 7 वर्षं घेतला नाही तर तो आणि पाठोपाठ शेअरही केंद्राच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात. परत मिळवता येतात, पण त्यासाठी अशी ठेव किंवा शेअर होते हे आधी कळावं लागतं.

म्हणून अशा घरात बँक, विमा, पेन्शन, कंपनी यांचं पाकीट आलं तर ते परत पाठवण्याआधी मालकामार्फत वारसांना कळवाच, आणि पाकीट न उघडता त्यांच्या हाती द्या. वारसांचा पत्ता लागत नसेल तर "व्यक्ती मयत आहे, पाठवणाऱ्यास परत" असं लिहा, पण मृत्यूची खात्री असेल तरच. वारसांशी बोलणं झालं तर त्यांना रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलबद्दल सांगा. ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी नावानं शोधता येतात.

नाव कुणाच्याच ओळखीचं नसेल तर

मालक, सेक्रेटरी, जुने शेजारी, कुणालाच नाव ठाऊक नाही आणि तरी बँकेची किंवा कर विभागाची पत्रं येतात, तर ती गोष्ट हलक्यानं घेऊ नका. तुमचा पत्ता वापरून कुणीतरी खातं, कर्ज किंवा व्यवसाय उघडलेला असू शकतो. व्यवसायाचं नाव असेल तर मालकानं कधी तिथे ऑफिस थाटायला संमती दिली होती का, ते आधी विचारा. दिली नसेल तर मालकालाच जीएसटी विभागाकडे लेखी तक्रार करायला सांगा. व्यक्तीचं नाव असेल तर संबंधित बँकेला "या नावाची व्यक्ती येथे कधीच राहत नव्हती" असं ठामपणे लिहा. "घर सोडून गेली" लिहू नका, कारण त्याचा अर्थ ती पूर्वी इथे होती असा होतो. सोबत स्वतःचा क्रेडिट अहवालही तपासा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो.

अनोळखी नावानं आलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल पैसे देऊन घेऊ नका, मग डिलिव्हरीचा मुलगा कितीही गयावया करो. "बक्षीस लागलंय" म्हणणारी स्क्रॅच कार्डाची पाकिटं आली तर त्यावरच्या नंबरला फोन करू नका.

मतदार यादीत आधीच्या माणसांची नावं तुमच्या पत्त्यावर दिसली, तर नाव वगळायचा अर्ज क्रमांक 7 भरण्याची घाई नको. त्यांना कळवा की अर्ज क्रमांक 8 भरून नाव नव्या पत्त्यावर न्या. कुणाचं मत आपल्या हातून जाऊ नये. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, घरी आला तर मात्र जे खरं आहे ते सांगा.

घर सोडून जाणाऱ्यांनी

निघण्याआधी बटवड्याच्या पोस्टात जाऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज द्या. बँक, विमा, डीमॅट, म्युच्युअल फंड, आधार इथला पत्ता बदला. गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 49 प्रमाणे नवा पत्ता 30 दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. कोर्टात काही चालू असेल तर वकिलाला पत्ता बदलल्याचं त्याच आठवड्यात सांगा. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर सांगून भागत नाही, नवा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून पाठवा. आणि किल्ली देताना नव्या भाडेकरूला आपला नंबर द्या, वर्षभरानं एखादा फोन करून काही आलंय का विचारा. काही पाकिटं वर्षातून एकदाच येतात.